डीपीवरच्या घागरी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दूध संस्थेच्या भिंतीला लागून, विजेची एक लोखंडी पेटी होती. तिला सगळे डीपी म्हणत. माझ्या लहानपणापासून ती तिथंच होती आणि मी तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. क्लासच्या जाहिराती, गुटख्याच्या पिचकाऱ्या, कवटीची धोक्याची पाटी, एवढंच काय ते. त्या उन्हाळ्यात मात्र मी तिच्यासमोर इतका वेळ बसले की तिच्या पत्र्यातला एकेक पोचा मला पाठ झाला. तरी त्या पेटीवर मी नेमकं काय काढलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

केजमध्ये तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. मी पुण्याहून चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते. शाळा इंग्रजी, तीही बीडला वसतिगृहात राहून, आणि मग पुणं. त्यामुळे गल्लीत मी सुट्टीपुरतीच असायची. बायका मला नावानं हाक मारत नसत, ‘सरांची पोरगी’ म्हणत. मी फार बोलत नसे. त्यांना वाटे, शिष्ट आहे. खरं म्हणजे माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत समोरचं माणूस पुढच्या विषयावर गेलेलं असे, आणि मग ते वाक्य तसंच राहून जाई.

संस्थेचे चेअरमन एकदा बाबांकडे चहाला आले आणि आपल्याकडची एक पोरगी चित्रं काढते म्हणं, असं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. स्वच्छतेची पाहणी करायला कुणी साहेब येणार होते. डीपी फार घाण दिसत होती. रंग संस्था देईल, चित्र पोरीनं काढावं. काय काढायचं तेही त्यांनी ठरवून आणलं होतं: एक गळका नळ आणि खाली ‘पाणी वाचवा’. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे घरी आले.

वायरमननं येऊन दाराच्या कडीला आणि कवटीच्या पाटीला हात लावायचा नाही, पेटीच्या फटीत काही घालायचं नाही, एवढं बजावलं. मी पॉलिश पेपरनं गंज घासला, जाहिराती ओल्या फडक्यानं सोडवल्या आणि त्यावर लाल ऑक्साइडचा एक हात दिला. नळ काढायला मात्र हात होईना. आमच्या घरी बोअर होता. आटत आला होता, पण होता. बाकीच्या गल्लीच्या नळांना कित्येक महिन्यांत पाणी आलेलं नव्हतं. संस्थेनं लावलेला टँकर दर चार-पाच दिवसांनी येई आणि त्यावरच सगळ्यांचं चाले. ज्यांच्या नळातून थेंब पडत नाही त्यांना गळका नळ दाखवून पाणी वाचवा म्हणायचं, हे मला कसंतरीच वाटत होतं. तसं चेअरमनना सांगणं माझ्यानं होणारं नव्हतं.

म्हणून मी नुसतीच रंगाचे डबे घेऊन बसले होते, तेव्हा एक बाई निळा ड्रम लोटत आली आणि उरलेल्या रंगानं यावर खूण करून दे म्हणाली. गल्लीत सगळ्यांचे ड्रम एकसारखे, निळे प्लास्टिकचे. टँकरच्या गर्दीत कुणाचा कुठला ते कळत नसे, म्हणून प्रत्येक घराची एक खूण असे आणि ती उन्हानं, घासाघाशीनं पुसट होई. मी तिच्या ड्रमवर पिवळी फुली काढली. मग दुसरी आली. संध्याकाळपर्यंत माझ्याभोवती ड्रम, घागरी, तेलाचे डबे. कुणाचं स्वस्तिक, कुणाचा पोपट, कुणाचे हिरवे तीन पट्टे. त्या बायका आपापसात बोलत होत्या, माझी चेष्टाही करत होत्या, की पुण्याला जाऊन पोरगी हंडे रंगवायला शिकली. मला ते आवडलं. त्यांच्यात बसून माझ्यावर काही बोलायची वेळ येत नव्हती.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर मी ठरवलं की पेटीवर हीच भांडी काढायची. सगळ्या घरांची, त्यांच्या त्यांच्या खुणेसकट, एका ओळीत.

ओळ कशी लागली ते सांगायला हवं, कारण पुढं सगळं त्यावरच आलं. लाल रंगाचा डबा संस्थेच्या फाटकाला वापरून उरलेला होता, म्हणजे उघडाच होता. तो वाळायच्या आत संपवायचा म्हणून डावीकडून सुरुवात लाल खुणेनं केली. ती सिस्टरची. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. एकट्या राहत, कंबरेतून वाकलेल्या होत्या, आणि त्यांच्या भांड्यांवर अधिकचं लाल चिन्ह असे, त्याला सगळे लाल अधिक म्हणत. मग पिवळा, हिरवा, काळा. पांढरा सगळ्यात शेवटी, कारण दुपारच्या धुळीत पांढरा लगेच मळतो. तो सकाळी वारा नसताना लावायचा. पांढरी खूण एकाच घराची होती, पांढरा गोल ठिपका. तो उजव्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ आला. तो ड्रम म्हशीवाल्या काकूंचा. मला स्वतःला तो सगळ्यात छान जमल्यासारखा वाटला. रस्त्यावरून येताना तोच आधी दिसे.

चेअरमन बघायला आले. नळ कुठंय, असं त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ बघून “आपल्या गल्लीचंच हाय की हे” म्हणाले आणि खाली ‘पाणी वाचवा’ तेवढं लिहून घ्यायला सांगून गेले. मी लिहिलं, अगदी बारीक.

त्यानंतरच्या टँकरला मी घरातच होते. टँकर आला की एरवी गल्लीत जो गोंधळ उठे तो आमच्या गच्चीपर्यंत येई: ड्रम आपटल्याचे आवाज, शिव्या, क्लीनरचं ओरडणं. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, टँकर आलाच नाही. आईनं सांगितलं की येऊन गेला.

पुढच्या काही दिवसांत माझ्याशी लोक निराळेच वागायला लागले आणि त्याचा मला काही अर्थ लागेना. हिरव्या पट्ट्यांच्या घरातून वाटीभर शेंगदाण्याची चटणी आली. पोपटवाल्या वहिनी एकदा जवळ बसून पोपट लई गोड आलाय म्हणाल्या, आणि मग विचारलं की तो त्या हिरव्या पट्ट्यांच्या अलीकडं घेता येईल का. मी म्हटलं, तिथं रंग वाळलाय. त्या “बरं बरं” म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा पडला. एका घरातली धाकटी सून माझ्या कानाशी येऊन आमची एक निराळी घागर काढ म्हणाली, आणि मी बिचारी कौतुकानं काढली. संध्याकाळी तिची सासू येऊन आईला सुनावून गेली की आमच्या घरात चुली वेगळ्या झाल्यात हे तुमच्या पोरीनं चौकात लिहिलं. काळ्या फुलीवाल्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटत होतं की चित्र कुठंतरी चुकलंय, म्हणजे प्रमाणात, किंवा रंगात. मी पेटीसमोर जाऊन उभी राही आणि चूक शोधत बसे. पुण्यात आमचे सर चित्राची चूक सांगताना जे शब्द वापरत ते सगळे मी लावून पाहिले. एकही बसेना.

शेवटी टँकरच्या दिवशी मी स्वतः खाली गेले आणि संस्थेच्या पायरीवर बसून पाहिलं.

टँकर मागं घेऊन डीपीजवळ उभा राहिला. बायका गर्दी न करता भिंतीकडेला आपापले ड्रम घेऊन थांबल्या होत्या. क्लीनरनं जाड पाइप खांद्यावर घेतला, पेटीकडे पाहिलं आणि “लाल अधिक” असं ओरडला. सिस्टर पुढं आल्या. त्यांचा ड्रम भरला. मग पिवळी फुली. मग पट्टे. क्लीनर दर वेळी माझ्या चित्राकडे मान वळवी आणि पुढची खूण पुकारी. कुणी धक्का दिला नाही, कुणी ओरडलं नाही. संस्थेचे सेक्रेटरी दारात उभे होते, ते मला म्हणाले की हे सुचलं कसं तुला. त्यांनीच सांगितलं, पहिल्या दिवशी भांडणं सुरू होणार तेवढ्यात ड्रायव्हर वैतागला, पेटीकडे हात करून “हाय की हितं नंबर लावलेला, त्याच हिशोबानं भरा” म्हणाला, आणि तेव्हापासून तेच चालू आहे.

मला नंबर लावायचा नव्हता, हे वाक्य माझ्या मनात तयार झालं. तोवर ते आत निघून गेले होते.

प्रत्येकीला एक ड्रम. ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून दुसरा ड्रम. दुसऱ्या फेरीत पाणी निम्म्या ओळीपर्यंत पुरलं. पाइपातून नुसती हवा यायला लागली तेव्हा म्हशीवाल्या काकू आपल्या दुसऱ्या, रिकाम्या ड्रमला टेकून उभ्या होत्या. त्या भरलेला ड्रम लोटत घराकडे गेल्या, मग परत येऊन रिकामा नेला.

त्यांची म्हैस नुकती व्यालेली होती. नवरा पुण्याकडे कामाला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. सकाळ-संध्याकाळ त्या संस्थेत दूध घालत आणि त्यावर घर चाले. एका ड्रममध्ये माणसांचं भागे, म्हशीचं भागत नसे. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की दुसरा ड्रम मिळाला नाही तर म्हैस चारा छावणीवर न्यावी लागेल. छावणी तेलगावच्या वाटेवर होती आणि तिथं जनावराजवळ घरच्या एका माणसाला राहावं लागे. त्या गेल्या तर सासूला कोण बघणार, आणि न गेल्या तर म्हैस विकणं आलं. एवढी साधी गोष्ट होती. मलाही माहीत होती. फक्त ती माझ्या पांढऱ्या ठिपक्याला चिकटलेली आहे हे मला माहीत नव्हतं.

मी त्यांच्या गोठ्यापाशी गेले. त्या म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होत्या. मी पेटीवरचा तुमचा ड्रम पुढं घेते, असं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी पोतं नीट केलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“तसलं काई करू नको, बाई. तू जाशील पुण्याला. मला हितंच ऱ्हायचंय. म्हणतील, हिनं दूध पाजून पोरीला फितवलं.”

मग पूर्वी कसं होतं ते त्यांनी सांगितलं. पूर्वी जिच्या हाताला पाइप लागेल तिचं पाणी. “माझ्या मनगटात जोर हाय. दोन काय, येकांद्या टायमाला तीन भरायचे मी. भांडून भरायचे, पण भरायचे. आता भांडायचं कुणाशी? पेटीशी?” असं म्हणून त्या हसल्या. मला हसावं की नाही कळेना. निघताना त्यांनी पेल्यात दूध दिलं आणि मी प्यायले, आणि पिताना तेच आठवलं की दूध पाजून फितवलं.

तिथून मी सिस्टरकडे गेले. का गेले ते सांगता येत नाही. बहुतेक मला असं ऐकायचं होतं की हा नंबर कुणालाच नको आहे. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात भरलेला ड्रम होता, त्यावर धुतलेलं फडकं घातलेलं. पूर्वी गर्दीत त्या लांब उभ्या राहत आणि कुणाला दया आली तर एखादी घागर मिळे, कधी तीही नाही. त्यांनी मला जवळ बोलावून माझा हात धरला. नोकरीत असताना लोक रात्री-बेरात्री त्यांच्या दाराशी येत, म्हणाल्या, आणि नंतर पाण्यासाठी त्यांच्याच तोंडाकडे बघत उभं राहावं लागायचं. “आता माझा नंबर पुकारतात,” त्या म्हणाल्या. “मागावं लागत नाही.”

घरी येऊन मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, रांग चांगलीच की, शिस्त आली. आईला विचारलं. ती म्हणाली, आपला बोअर आहे, आपण यात पडू नये. दोन्ही बरोबर वाटलं आणि दोन्हीचा उपयोग नव्हता. मी कागदावर खुणा निरनिराळ्या क्रमानं मांडून पाहिल्या. कुठल्याही ओळीत कुणीतरी शेवटी येतच होतं. चेअरमनना सांगून दर वेळी उलटसुलट करावं, असंही सुचलं. त्यासाठी संस्थेत जाऊन चार माणसांसमोर बोलावं लागलं असतं. मी फाटकापर्यंत गेले. आत मिटिंग चालू होती. त्यांच्या बोलण्यात पेटीचं कौतुकच चाललं होतं, पाहणीचे साहेब तिथं उभे राहून फोटो काढून गेले म्हणून. मी परत आले.

आणि मग मी जे केलं ते कुणाला विचारून केलं नाही. उरलेले सगळे डबे घेऊन सकाळी पेटीपाशी बसले आणि ओळ मोडायला लागले. पुसलं काहीच नाही. होत्या त्या भांड्यांच्या वर भांडी काढली, खाली काढली, दोन भांड्यांच्या मधून तिसऱ्याचं तोंड बाहेर आलेलं काढलं. प्रत्येक खूण पुन्हा पुन्हा, कधी उलटी पडलेली, कधी अर्धी झाकलेली. बाजूच्या पत्र्यांवर नेली, भिंतीच्या फटीत हात पोचेल तिथवर मागंही नेली. टँकरजवळ पूर्वी जसा ढीग असे तसा ढीग. बायका येता-जाता थांबत आणि बघत.  पोपटवाल्या वहिनींनी आपले पोपट मोजले आणि गेल्या. मला चित्र म्हणून ते आधीच्यापेक्षा बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी, पांढऱ्या ठिपक्यासाठी मी लाल अधिकाचं पाणी काढून घेतेय, हेही दिसत होतं. मी थांबले नाही. रंग संपला तेव्हा थांबले.

टँकरच्या दिवशी मी सिस्टरच्या घरी जाऊन त्यांचा ड्रम मागितला. त्यांनी फडकं काढून तो दिला. मी तो लोटत डीपीपाशी नेला तेव्हा बायका भिंतीकडेला उभ्याच होत्या. क्लीनरनं पाइप खांद्यावर घेतला, पेटीकडे पाहिलं, एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं.

“आता हे कुठनं धरायचं बे?” त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हरही खाली उतरून बघायला लागला. तेवढ्यात कुणाचा तरी ड्रम पुढं सरकला, मग दुसरा, आणि मग सगळेच. कुणाचा कोपर माझ्या बरगडीत बसला, कुणाच्या घागरीची कड हनुवटीला लागली, घड्याळाचा पट्टा कुणाच्या तरी बांगडीत अडकला. इतक्या माणसांच्या अंगाला अंग लावून मी कधी उभी राहिले नव्हते. दोनदा मी बाहेर फेकली गेले. तिसऱ्यांदा डोळे मिटून ड्रम पुढं रेटला, तो कशावर तरी आदळला. डोळे उघडले तर समोर पांढरा ठिपका. म्हशीवाल्या काकूंचा पहिला ड्रम भरून बाजूला लागला होता, दुसऱ्यात पाइप होता आणि पाइपावर त्यांची दोन्ही मनगटं.

“तू कावून आलीस हितं?” त्या म्हणाल्या. “तुमचा तर बोअर हाय.”

“सिस्टरचा आहे.”

“काय?”

मागच्या बायका ओरडत होत्या. मी पुन्हा म्हटलं, आणि त्या वेळी माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा इतका मोठा निघाला. त्यांनी ड्रमवरचा लाल अधिक पाहिला. पाइप काढला मात्र नाही. त्यांचा दुसरा ड्रम काठापर्यंत आला, वरून थोडं सांडलं, तेव्हा कुठं त्यांनी पाइप उचलला. चारी बाजूंनी हात आले होते. त्यांनी तो माझ्या ड्रममध्ये खुपसला आणि माझे हात धरून त्यावर ठेवले.

“घट्ट धर. सोडलास की गेला.”

मी धरला. पाण्याच्या जोरानं पाइप हातात उसळत होता. काळ्या फुलीवाली माझ्या कानाशी काय काय बोलत होती, ते मला तेव्हा कळलंही नाही. ड्रम निम्म्याच्या थोडा वर गेला आणि पाइपातून हवा यायला लागली.

त्या आठवड्यात म्हैस छावणीवर गेली नाही. पुढंही गेली नाही. मी पुण्याला परत जाईपर्यंत काकू रोज सकाळी संस्थेत दूध घालताना दिसत. चेअरमन मात्र बाबांना भेटले तेव्हा म्हणाले, चांगली शिस्त लागली होती, पोरीनं उगीच चित्र बिघडवलं.

त्या टँकरच्या दिवशी मी ड्रम सिस्टरच्या दारात नेऊन उभा केला. त्या भिंतीला धरत उठल्या, वाकून आत पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील, ओळ का मोडलीस, आणि मी काय सांगायचं ते जुळवायला लागले. त्यांनी तांब्यानं पाणी हलवून पाहिलं, वर आलेला कचरा बाजूला केला, फडकं घातलं.

“मागच्या वेळी काठोकाठ होता,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पुढच्या टँकरलाही मीच येईन.

“मग लवकर ये,” त्या म्हणाल्या. “आणि ते हातातलं घड्याळ काढून ये.”